नाव तेच, काम वेगळं

महाराष्ट्रभरच्या पर्जन्यमापक केंद्रांचा तक्ता संगणकात आहे असं धरू. एका ओळीत एक केंद्र, शेजारी त्याचा जिल्हा, त्याच्या शेजारी मोसमातला पाऊस मिलिमीटरमध्ये. आपल्याला जिल्हावार सरासरी हवी आहे. ‘आर’ या संख्याशास्त्राच्या भाषेत हे दोन ओळींचं काम. आधी ‘ग्रुप बाय’ लिहून केंद्रं जिल्ह्यांमध्ये वाटायची, मग ‘समराइझ’ लिहून प्रत्येक गटाची सरासरी काढायची. उत्तरात ३६ ओळी यायला हव्यात. येते एकच. सगळ्या राज्याची मिळून एक सरासरी. एरर नाही, काही नाही. आकड्यात गणिताची चूकही नाही. तो आपण न विचारलेल्या प्रश्नाचं बरोबर उत्तर आहे.

तोच प्रोग्रॅम शेजारच्या टेबलावरच्या संगणकावर चालवला तर तिथे नेमक्या ३६ ओळी येऊ शकतात. प्रोग्रॅममधलं एक अक्षरही बदललेलं नाही. बदलला आहे तो पॅकेजं, म्हणजे आरला जोडायचे तयार आज्ञांचे संच, लोड होण्याचा क्रम. पहिल्या संगणकावर ‘डीप्लायर’ आधी आणि ‘प्लायर’ नंतर लोड झालं, दुसऱ्यावर उलट. आर वापरणाऱ्यांमध्ये हा घोटाळा चांगला जुना आणि प्रसिद्ध आहे, तरी नव्याने शिकणारा प्रत्येक जण त्यात एकदा सापडतोच.

क्रमाला इतकं महत्त्व का, हे समजायला आरच्या घडणीकडे पाहावं लागतं. १९७६ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये जॉन चेंबर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘एस’ नावाची भाषा बनवायला घेतली. फोर्ट्रानशी झटापट न करता संशोधकाला आकड्यांशी थेट बोलता यावं, हा तिचा हेतू होता. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला न्यूझीलंडच्या ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन यांनी एसच्याच वळणाची नवी भाषा लिहिली, ती आर. तिची १.०.० आवृत्ती २९ फेब्रुवारी २००० ची. दोन्ही भाषा बसल्या बैठकीला वापरायच्या: एक ओळ लिहा, उत्तर पाहा, मग पुढची लिहा. दिवसभर असं टाइप करणाऱ्याला लांबलचक नावं नको असतात. म्हणून आरमध्ये पॅकेज एकदा लोड केलं की त्यातली सगळी फंक्शनं नुसत्या नावाने हाताशी येतात. पायथनमध्ये फंक्शनच्या आधी पॅकेजचं नाव किंवा टोपणनाव लिहायची सवय पहिल्या धड्यापासून लागते. आरमध्ये ती ज्याच्या त्याच्या मर्जीवर सोडली आहे.

आता दोन पॅकेजांनी एकच नाव वापरलं तर? आर पॅकेजांची एक रांग ठेवते आणि नुकतं लोड झालेलं पॅकेज रांगेत पुढे उभं करते. नाव पुकारलं की रांगेच्या पुढून शोध सुरू होतो आणि पहिला मिळेल त्याला काम दिलं जातं. वाड्यात दोन कुलकर्णी राहत असतील तर पोस्टमन दारापाशी राहणाऱ्या कुलकर्ण्यांकडे पत्र टाकून जातो, तसंच हे. मागच्याचं फंक्शन नाहीसं होत नाही, झाकलं जातं. आणि आर तसं सांगतेही: अमुक पॅकेजातली अमुक नावं झाकली गेली, असा मजकूर पॅकेज लोड होताना पडद्यावर येतो. पण तो प्रत्येक वेळी येतो, निरुपद्रवी ठिकाणीही येतो, त्यामुळे कोणी वाचत नाही. अहवाल नीटनेटका दिसावा म्हणून तर हे सगळे संदेश दडवायची एक खास आज्ञाच आहे. अनेक पाठ्यपुस्तकी नमुन्यांत ती पहिल्या चार ओळींत दिसते. मला ती आवडत नाही.

प्लायर आणि डीप्लायर ही दोन्ही पॅकेजं एकाच माणसाची, हॅडली विकम यांची. तेही न्यूझीलंडचे आणि ऑकलंडलाच शिकलेले. प्लायर २००८ चं. डेटाचे तुकडे करा, प्रत्येक तुकड्यावर तेच काम करा, मग उत्तरं पुन्हा जोडा, ही विचारपद्धत त्या पॅकेजाने रूढ केली आणि २०११ मध्ये विकम यांनी तिच्यावर एक शोधनिबंधही लिहिला. काम चोख, पण गट हजारोंनी असले की प्लायर रेंगाळायचं. म्हणून जानेवारी २०१४ मध्ये डीप्लायर आलं. रोमँ फ्राँस्वा यांच्या मदतीने त्याचा गाभा सी प्लस प्लसमध्ये लिहिलेला होता, ते डेटाबेसशीही बोलू शकत होतं आणि वाक्यासारखं डावीकडून उजवीकडे वाचता येत होतं. त्यात नावं मात्र ओळखीचीच ठेवली: समराइझ, म्यूटेट, अरेंज, रीनेम, काउंट.

खरी मेख गट कुठे ठेवायचा यात आहे. प्लायरमध्ये तुकडे करण्याचं काम बाहेरच्या फंक्शनकडे असतं. ते जिल्ह्याजिल्ह्याचा तक्ता वेगळा काढून एकेक करून समराइझच्या हाती देतं. समराइझला मिळालेल्या तक्त्याची बेरीज-सरासरी एवढंच करायचं असतं, गटांचा विचार करायचं त्याला कारणच नसतं. डीप्लायरने ही व्यवस्था उलटी केली. तिथे ग्रुप बाय हे तक्त्याचे तुकडे करत नाही. तक्त्यावरच एक चिठ्ठी लावतं की याचे गट जिल्ह्यावरून पाडायचे आहेत. डीप्लायरचं समराइझ ती चिठ्ठी वाचतं. प्लायरचं समराइझ त्या चिठ्ठीचा शोध लागायच्या आधीचं आहे. त्याला अखंड तक्ता दिसतो आणि ते प्रामाणिकपणे अखंड तक्त्याची सरासरी देतं.

समराइझच्या बाबतीत निदान ३६ च्या जागी एक ओळ दिसते, डोळा थबकतो. म्यूटेटच्या बाबतीत तेवढीही सोय नाही. म्यूटेट ओळी कमी करत नाही, प्रत्येक ओळीला नवा स्तंभ जोडतं. प्रत्येक केंद्राच्या पावसापुढे त्याच्या जिल्ह्याची सरासरी लिहा असं म्हटलं आणि उत्तर प्लायरच्या म्यूटेटने दिलं, तर प्रत्येक केंद्रापुढे राज्याची सरासरी लिहिली जाते. ओळी तेवढ्याच, स्तंभाचं नाव तेच. मग कोणी त्या स्तंभावरून ‘जिल्ह्याच्या सरासरीपेक्षा कमी पावसाची केंद्रं’ अशी यादी काढली, तर माणदेशातलं जवळजवळ प्रत्येक केंद्र तिच्यात येईल आणि कोकणातलं एकही येणार नाही. पाहणारा म्हणेल, बरोबरच आहे, कोकणात पाऊस जास्तच. चूक आपल्या अपेक्षेशी जुळून येते आणि निसटते.

रीनेमची गंमत वेगळी. प्लायरमध्ये बरोबरच्या चिन्हाच्या डावीकडे जुनं नाव आणि उजवीकडे नवं, डीप्लायरमध्ये डावीकडे नवं आणि उजवीकडे जुनं. काउंट प्लायरमध्ये ‘फ्रीक’ नावाचा स्तंभ देतं, डीप्लायरमध्ये ‘एन’ नावाचा. हे घोळ मात्र लगेच उघडे पडतात, कारण पुढची ओळ अडते.

प्लायर मी लोडच केलं नव्हतं, अशी तक्रार अनेक जण करतात आणि ती खरी असते. आरमध्ये एक पॅकेज दुसऱ्यावर दोन तऱ्हांनी अवलंबून राहू शकतं. एका तऱ्हेत ते दुसऱ्याची फंक्शनं आतल्या आत वापरतं, आपल्याला पत्ता लागत नाही. दुसऱ्या तऱ्हेत ते दुसऱ्याला सोबत घेऊनच येतं आणि रांगेत उभं करतं. आलेखावर त्रुटीच्या रेषा काढण्यासाठी लोकप्रिय असलेलं ‘आरमिस्क’ हे पॅकेज प्लायरला असं सोबत घेऊन येतं. प्रोग्रॅमच्या मध्यावर आलेखासाठी कोणी आरमिस्क लोड केलं की त्या ओळीच्या वरचं समराइझ एक आणि खालचं दुसरं.

जुनीच नावं पुन्हा वापरणं ही मला विकम यांची चूक वाटते. त्याची थोडी भरपाई त्यांनी केली आहे. डीप्लायरनंतर प्लायर लोड केलं तर प्लायर स्वतःच सांगतं की अडचण येण्याची दाट शक्यता आहे, दोन्ही हवी असतील तर मला आधी लोड करा. आणि तक्त्यांची उभी-आडवी मांडणी बदलणाऱ्या ‘टायडीआर’ पॅकेजात त्यांनी शहाणपणाचा मार्ग धरला. सप्टेंबर २०१९ मधल्या त्याच्या १.० आवृत्तीत नवी पद्धत आली, तेव्हा जुन्या ‘गॅदर’ आणि ‘स्प्रेड’ या फंक्शनांना हात न लावता नव्या पद्धतीला नवी नावं दिली. जुने प्रोग्रॅम आजही चालतात. टाइप करायला नवी नावं लांब आहेत. चालेल.

आरडाओरड करणारी भांडणं फारशी धोक्याची नसतात. ‘मास’ नावाचं पॅकेज व्हेनेबल्स आणि रिप्ली यांच्या संख्याशास्त्राच्या गाजलेल्या पुस्तकासोबतचं. त्यातही ‘सिलेक्ट’ आहे आणि डीप्लायरमध्येही. मास नंतर लोड झालं आणि तुम्ही स्तंभ निवडायला गेलात की तत्काळ एरर येतो: या जादा मजकुराचं काय करू? दहा मिनिटं वैतागण्यात जातात, पण खोटं उत्तर पदरी पडत नाही.

‘लॅग’चं तसं नाही. आरच्या मूळ संचातलं लॅग कालमालिकांसाठी आहे. ते आकडे हलवत नाही, त्यांच्यावरची तारखांची पट्टी सरकवतं. डीप्लायरचं लॅग आकडेच एक घर खाली सरकवतं, म्हणजे यंदाच्या ओळीत गेल्या वर्षीचा आकडा येतो. आता एखाद्याने डीप्लायर पूर्ण लोड न करता त्यातलं नुसतं म्यूटेट पॅकेजचं नाव आधी लावून वापरलं आणि आत लॅग मोकळंच लिहिलं, तर मूळ संचातलं लॅग चालतं. साध्या यादीला तारखांची पट्टी नसते, त्यामुळे सरकायला काही नसतं आणि आकडे जागच्या जागी परत येतात. यंदाच्या पावसातून ‘गेल्या वर्षीचा’ वजा केला की दरवर्षी फरक शून्य.

उलट बाजूचाही त्रास आहे. शेअर बाजाराच्या आकड्यांवर काम करणारे ‘एक्सटीएस’ हे पॅकेज वापरतात. त्याची सगळी भिस्त मूळ लॅगवर. मूळ लॅग समोरचा डेटा कोणत्या प्रकारचा आहे ते पाहून काम योग्य फंक्शनकडे सोपवतं. डीप्लायर लोड झालं की हे सोपवणं थांबतं. एक्सटीएसच्या कर्त्यांना ते इतकं जाचलं की डीप्लायर सोबत दिसलं की त्यांचं पॅकेज चौकट काढून इशारा देतं: डीप्लायरचं लॅग मूळ लॅगची व्यवस्था मोडतं. त्यात भर अशी की एक्सटीएस ज्या ‘झू’ पॅकेजावर उभं आहे, त्याची लॅगची दिशा आणि एक्सटीएसची दिशा परस्परविरुद्ध. एकात अधिक एक म्हणजे मागचा आकडा, दुसऱ्यात पुढचा. कालचा भाव पाहून आज खरेदी करणाऱ्या योजनेची परीक्षा घेताना चुकून उद्याचा भाव हाती आला, तर ती योजना कागदावर कुबेराची ठरते.

नावांइतकाच घोळ तक्त्यांच्या प्रकारांत आहे. आरचा मूळ तक्ता म्हणजे ‘डेटा फ्रेम’. विकम यांच्या मंडळींचा तक्ता ‘टिबल’. आणि मॅट डाउल यांनी सुरू केलेलं, २००६ पासून उपलब्ध असलेलं ‘डेटा टेबल’ तिसरं. कोट्यवधी ओळींच्या कामात त्याचा वेग आजही वाखाणला जातो. टिबल आणि डेटा टेबल दोन्ही स्वतःला डेटा फ्रेमचे वंशज म्हणवतात, म्हणून डेटा फ्रेम मागणाऱ्या कोणत्याही फंक्शनला ती चालायला हवीत. बहुतेक वेळा चालतातही. पण चौकटी कंसात स्वल्पविरामानंतर एकाच स्तंभाचं नाव दिलं, तर डेटा फ्रेम त्या स्तंभातल्या आकड्यांची यादी देते आणि टिबल एका स्तंभाचा तक्ता. यादीची लांबी विचारली तर केंद्रांची संख्या मिळते, तक्त्याची लांबी विचारली तर स्तंभांची संख्या, म्हणजे १. नमुन्याच्या आकाराने भागणाऱ्या एखाद्या जुन्या सूत्राला कोणी टिबल दिलं की भाजक १ होतो. टिबलची पद्धत जास्त सुसंगत आहे हे मान्य. तिच्यात उत्तराचा प्रकार स्तंभांच्या संख्येवर बदलत नाही. पण जुनी सूत्रं त्या आधी लिहिली गेली होती, हेही तितकंच खरं.

डेटा टेबलने यावर काढलेली युक्ती मला या सगळ्या पसाऱ्यात सर्वांत हुशारीची वाटते. त्याचा चौकटी कंस चालायच्या आधी पाहतो की आपल्याला हाक कोणी मारली. हाक मारणारं पॅकेज डेटा टेबल ओळखणारं असेल तर तो आपल्या पद्धतीने वागतो, नसेल तर निमूटपणे साध्या डेटा फ्रेमसारखा. त्यामुळे ज्यांनी डेटा टेबलचं नावही ऐकलेलं नाही अशा पॅकेजांतही ते तक्ते मोडतोड न होता फिरून येतात. मात्र डेटा टेबलची दुसरी सवय बाहेरच्याला चकवते. त्यात ‘:=’ या चिन्हाने केलेला बदल मूळ तक्त्यातच होतो, प्रत निघत नाही. ‘ब’ला ‘अ’ची प्रत समजून ‘ब’मध्ये स्तंभ जोडला की ‘अ’मध्येही तो उगवतो. वेगाची ही किंमत आहे आणि कर्त्यांनी ती लपवलेली नाही.

भारतातल्या डेटावर काम करणाऱ्याला एक जास्तीचा खड्डा आहे. आरच्या साध्या पूर्णांकाची कमाल मर्यादा २,१४,७४,८३,६४७. आपले मोबाइल क्रमांक दहा अंकी आणि ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होणारे. म्हणजे देशातला एकही मोबाइल क्रमांक आरच्या साध्या पूर्णांकात मावत नाही, बारा अंकी आधार क्रमांक तर दूरच. डेटा टेबलचं फाइल वाचणारं फंक्शन हे ओळखून असे आकडे ६४ बिटांच्या पूर्णांकात ठेवतं. आरमध्ये तसा प्रकारच नसल्यामुळे हे पूर्णांक दशांश संख्यांच्या जागेत भरलेले असतात आणि वर ‘हा ६४ बिटांचा पूर्णांक समजावा’ असा शिक्का असतो. आरच्या मूळ संचातलं ‘इफ-एल्स’ फंक्शन असे शिक्के वाहून नेत नाही. त्यातून गेलेला क्रमांक शिक्क्याविना बाहेर पडतो आणि तेच बिट दशांश संख्या म्हणून वाचले जातात. दिसते ती संख्या अशी की दशांश चिन्हानंतर तीनशेहून जास्त शून्यं. पायथनमधल्या पांडाज या पॅकेजात वेगळंच: पूर्णांकांच्या स्तंभात एक जागा रिकामी असली की अख्खा स्तंभ दशांशात जातो, आणि क्रमांकांच्या शेवटी ‘.०’ चिकटलेल्या याद्या आपण सगळ्यांनी पाहिल्या आहेत. ओळख पटवायचे क्रमांक मुळात आकडे नव्हेतच, ते अक्षरं म्हणून वाचावेत. हे पॅकेज कोणतंही असलं तरी लागू.

तसाच मराठी नावांचा क्रम. डेटा टेबल अक्षरांची क्रमवारी युनिकोडच्या सांकेतिक आकड्यांनुसार लावतं. डीप्लायरचं अरेंजही १.१.० या २०२३ च्या आवृत्तीपासून न सांगता तसंच करतं. आरचा मूळ संच संगणकाच्या भाषेच्या सेटिंगवर जातो. युनिकोडमध्ये ळ हा ल च्या लगेच पुढे बसवलेला आहे, आपल्या वर्णमालेत तो ह नंतर. त्यामुळे सांकेतिक क्रमाने तालुके लावले तर मालवण, माळशिरस, मावळ, माहूर असे येतात. शाळेत शिकवलेल्या क्रमाने मालवण, मावळ, माहूर, माळशिरस असे यायला हवेत. नुसती छापील यादी असेल तर वाचणारा नाक मुरडेल इतकंच. पण प्रोग्रॅममध्ये पुढे ‘प्रत्येक गटातली पहिली ओळ घे’ असं असेल तर दोन पॅकेजं दोन वेगळे तालुके उचलतील.

सर्वेक्षणांच्या फाइलींचाही एक किस्सा सांगण्याजोगा आहे. मुंबईत देवनारला असलेली आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण पार पाडते. त्याचा मूळ डेटा संशोधकांना स्टाटा, एसपीएसएस अशा सॉफ्टवेअरच्या फाइलींत मिळत आला आहे. त्यांत प्रत्येक उत्तराला आकडा आणि आकड्याला लेबल असतं. अशा फाइली आरमध्ये वाचायला ‘हेवन’ हे पॅकेज वापरतात. हेवनने अशा स्तंभांच्या प्रकाराला ‘लेबल्ड’ हे नाव दिलं. पण फ्रँक हॅरेल यांच्या, वैद्यकीय संशोधनात मुरलेल्या ‘एचमिस्क’ पॅकेजात याच नावाचा, वेगळ्या बांधणीचा प्रकार आधीपासून होता. आरमध्ये प्रकाराचं नाव म्हणजे स्तंभावर चिकटवलेला नुसता शब्द. तो कोणी आधी घेतला आहे का हे तपासणारं कार्यालय नाही. दोन्ही पॅकेजं एकत्र लोड केली की एकाची फंक्शनं दुसऱ्याच्या स्तंभांवर आपलाच माल समजून हात घालायची. शेवटी २०१८ मध्ये हेवनने आपल्या प्रकाराच्या नावाआधी स्वतःचं नाव जोडून वाद मिटवला. नवा आला त्याने माघार घेतली, हे योग्यच झालं.

आतापर्यंतची भांडणं एकाच दिवशी एकाच संगणकावरची. वर्षं उलटली की पॅकेज स्वतःच्याच जुन्या रूपाशी भांडतं. आरच्या ३.६.० या २०१९ च्या आवृत्तीत यादृच्छिक नमुना निवडण्याची रीत सुधारली. आधीच्या रीतीत एक बारीक दोष होता, तो गेला. पण तेच बीज, म्हणजे निवडीचा सुरुवातीचा आकडा, देऊन पूर्वी जो नमुना यायचा तो आता येत नाही. एप्रिल २०२० मध्ये ४.० आवृत्ती आली आणि फाइलीतली अक्षरं आपोआप वर्गांमध्ये बदलायची जुनी खोड आरने सोडली. ती खोड वाईटच होती. एखाद्या आकड्यांच्या स्तंभात चुकून ‘नाही’ असा शब्द राहिला की सगळा स्तंभ वर्ग व्हायचा, आणि त्याचे पुन्हा आकडे केले की पावसाऐवजी वर्गांचे अनुक्रमांक हाती यायचे. मात्र त्या खोडीवर विसंबून लिहिलेले हजारो प्रोग्रॅम होते.

याचा परिणाम किती मोठा, त्याचं एक मोजमाप उपलब्ध आहे. हार्वर्ड डेटाव्हर्स या भांडारात संशोधक आपल्या निबंधांमागचा डेटा आणि प्रोग्रॅम ठेवतात. तिथल्या आरच्या नऊ हजारांहून जास्त फाइली अ‍ॅना त्रिसोविच आणि सहकाऱ्यांनी चालवून पाहिल्या आणि निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध केले. पहिल्या प्रयत्नात ७४ टक्के फाइली एरर देऊन थांबल्या. फाइलींचे पत्ते, न सापडणारी पॅकेजं असे ढोबळ दोष आपोआप दुरुस्त केल्यावरही ५६ टक्के थांबल्याच. यात सगळा दोष पॅकेजांच्या भांडणाचा नाही. पण मोजले गेले ते थांबलेले प्रोग्रॅम. न थांबता भलतं उत्तर देणारे किती, हे अशा मोजणीत येत नाही.

जुन्या तारखेची पॅकेजं जशीच्या तशी मिळावीत म्हणून मायक्रोसॉफ्ट आर पॅकेजांच्या क्रॅन या मुख्य भांडाराच्या रोजच्या प्रती साठवत असे. अनेकांनी आपले प्रोग्रॅम या सेवेच्या भरवशावर लिहिले. १ जुलै २०२३ ला ती सेवा बंद झाली. दुसऱ्याच्या कपाटात ठेवलेल्या वस्तूवर आपला हक्क नसतो. आज ‘आरएन्व्ह’ हे पॅकेज प्रत्येक प्रकल्पाच्या फोल्डरात वापरलेल्या पॅकेजांच्या आवृत्त्यांची यादी लिहून ठेवतं. यादी तरी आपल्याजवळ राहते.

आर आणि पायथन या दोन भाषांमधला पूल बांधायचा एक प्रयत्न मात्र चांगला तडीस गेला. पांडाजचे जनक वेस मॅकिनी आणि हॅडली विकम यांनी मिळून २०१६ मध्ये ‘फेदर’ नावाची फाइलीची पद्धत काढली. आरने लिहिलेला तक्ता पायथनने जसाच्या तसा वाचावा, एवढाच तिचा हेतू. ती ‘अपाचे अ‍ॅरो’ या मोठ्या प्रकल्पावर उभी होती आणि पुढे त्यातच सामावली. गरज किती होती ते रिकाम्या जागेवरून कळतं. पूर्णांकांच्या स्तंभात नोंद नसेल तिथे आर आतल्या आत उणे २,१४,७४,८३,६४८ हा आकडा ठेवते आणि दाखवताना ‘एनए’ दाखवते. ज्या प्रोग्रॅमला हा संकेत ठाऊक नाही तो त्याला आकडाच समजणार, आणि बिघडलेल्या पर्जन्यमापकाच्या नावावर उणे दोनशे चौदा कोटी मिलिमीटर पाऊस पडणार. अ‍ॅरोमध्ये नोंद आहे की नाही हे आकड्यापासून वेगळं, एकेका बिटात लिहिलेलं असतं, त्यामुळे कोणताही आकडा असा अडकवून ठेवावा लागत नाही.

उपाय नाहीत असं नाही. फंक्शनच्या आधी पॅकेजचं नाव आणि दोनदा कोलन लिहिलं की रांगेचा प्रश्नच उरत नाही: डीप्लायर::समराइझ म्हणजे डीप्लायरचंच. ‘कॉन्फ्लिक्टेड’ नावाचं पॅकेज लोड केलं तर दोन पॅकेजांत एकाच नावाचं असलेलं फंक्शन वापरताच आर थांबते आणि कोणतं हवं ते विचारते. गप्प बसलेल्या चुकीला ते बोलकं करतं. आरमध्येही ३.६.० पासून नावं झाकली जात असतील तर पॅकेज लोडच होऊ न देण्याची सोय आहे, फक्त ती मुद्दाम चालू करावी लागते. माझ्या मते ती पहिल्यापासूनच चालू असायला हवी होती. जुने प्रोग्रॅम अडतील या भीतीने तसं झालं नसावं.

संख्याशास्त्र, अर्थशास्त्र, लोकसंख्याशास्त्र किंवा शेतीच्या प्रबंधांना मार्गदर्शन करणाऱ्या प्राध्यापकांना एक विनंती आहे. आरमध्ये ‘सेशन इन्फो’ ही एक आज्ञा आहे. ती दिली की आरची आवृत्ती, भाषेचं सेटिंग आणि त्या घटकेला लोड असलेल्या प्रत्येक पॅकेजाचं नाव आवृत्तीसकट छापून येतं. विश्लेषण संपल्यावर विद्यार्थ्याला ती द्यायला लावा आणि येईल तो मजकूर प्रबंधाच्या परिशिष्टात जोडायला सांगा. त्याला फार तर एक पान लागतं.